जलपर्णीचे चाहते

वसई-विरारमध्ये सगळ्यांचं एकमत व्हावं अशा गोष्टी फार थोड्या. सुकेळी आगाशीचीच घ्यावीत की कुठलीही चालतात, इथपासून वाद सुरू होतो. जलपर्णी मात्र याला अपवाद आहे. दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आणलेली ही जांभळ्या फुलांची बया इथल्या तळ्यांवर अशी पसरली, की खाली पाणी आहे हे शपथेवर सांगितलं तरी पटू नये. तिला उपटायला यंत्रं येतात, तरुण मंडळं चिखलात उतरतात, निवडणूक जवळ आली की पुढारीही काठापर्यंत येऊन फोटो काढून जातात. ती चांगली आहे असं म्हणणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही.

सापडतो. रविवारी उजाडताना एखाद्या बावखलाच्या काठी जावं. सात फुटी काठी हातात धरून तो उभा असतो, आणि समोरची हिरवी साय बघून मनापासून ‘वा!’ म्हणतो. त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक रबरी बेडूक असतो.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं की बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदीव तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथे विहिरीचं पाणी कधी मचूळ होईल याचा नेम नाही. निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, नंदाखाल अशा गावांतल्या शेतकऱ्यांनी म्हणून पावसाचं पाणी बावखलांत धरून ठेवलं आणि त्यावर केळी, पानवेली, भाज्या, फुलं पिकवली. पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला. कित्येक बावखलं भराव टाकून बुजली, आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी का शिरतं यावर सोसायटीच्या सभा होऊ लागल्या. उरलेल्यांपैकी जी वापरात नाहीत, त्यांच्यावर शेवाळ, कमळ आणि जलपर्णी यांनी संयुक्तपणे ताबा घेतला. त्या ताब्याखाली मरळ नावाचा मासा राहतो, आणि खिशातला बेडूक हे त्याचं आमिष.

रबरी बेडूक मुळात मरळासाठी जन्माला आला नाही. तो अमेरिकेत, बास नावाच्या मोठ्या तोंडाच्या आणि नाकावर राग असलेल्या माशासाठी घडला. तिकडे बासवेडाला सीमा नाही. १९७१ साली नेवाडातल्या लेक मीडवर त्यांची पहिली मोठी ‘क्लासिक’ स्पर्धा झाली, आणि तेव्हापासून माशांच्या वजनावर माणसं पोट भरू लागली. आपल्याकडे कोळी हेच काम शतकानुशतकं करत आले आहेत, पण त्यांच्या सदऱ्यावर कुणी जाहिराती चिकटवल्या नाहीत.

या बासचा जागतिक विक्रम २ जून १९३२ चा आहे. जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास पकडला. वजनाची नोंद केली, मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. वसईकराला हा माणूस लगेच आपला वाटतो. पुढे ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ ला, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने पेरीच्या माशाहून जेमतेम औंसभर जड बास काढला. विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून बरोबरीवर समाधान मानावं लागलं. तेही खोटं पकडण्याच्या यंत्रासमोर बसून परीक्षा दिल्यावर. गळवाल्याच्या शब्दावर जगात कुठेच कुणी विश्वास ठेवत नाही, एवढं यातून नक्की कळतं. या दोघांपैकी एकानेही बेडूक वापरला नव्हता, ही गोष्ट बेडूकवाले आपणहून सांगत नाहीत.

आता मरळाकडे येऊ. पालघर हा पापलेटचा जिल्हा. सातपाटीच्या पापलेटचं नाव घेताच माणसं हळवी होतात, आणि २०२३ मध्ये तर सिल्व्हर पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. अशा प्रदेशात चिखलात राहणाऱ्या, सापासारख्या डोक्याच्या माशाला कोण विचारतो? पण मरळ हे प्रकरण साधं नाही. त्याला कल्ल्यांच्या जोडीने हवेतून श्वास घ्यायची सोय आहे, आणि ती नुसती चैन नाही. ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट मिळाला नाही तर तो पाण्यात बुडून मरतो. मासा असून बुडून मरण्याची पात्रता अंगी बाळगणारे फार थोडे. उलट बाजारात बाकीचे मासे बर्फावर निपचित पडलेले असताना हा टोपलीत वळवळत गिऱ्हाईकाकडे रोखून बघत असतो.

हैदराबादेत तर त्याची वेगळीच ख्याती आहे. तिथलं बथिनी कुटुंब दरवर्षी मृग लागताना दमेकऱ्यांना औषधाची गोळी देतं, ती मरळाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात घालून. पिल्लू अख्खं गिळायचं. गुण येतो की नाही यावर डॉक्टर लोक काय ते बोलोत. वसईतला मरळ बेडूक गिळतो आणि हैदराबादेतला माणूस मरळ गिळतो, अशी ही साखळी आहे.

अमेरिकेने मात्र याच्या भाऊबंदांची फार धास्ती घेतली. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात चिनी जातीचा मरळ सापडला. चौकशीत कळलं, की एका गृहस्थाने आजारी बहिणीला सूप करून द्यायला न्यूयॉर्कहून जिवंत मासे आणवले, तोवर बहीण बरी झाली, मग त्याने ते काचेच्या टाकीत पाळले आणि शेवटी तळ्यात सोडून दिले. सरकारने औषध टाकून तळंच्या तळं मारलं. उपयोग झाला नाही. दोन वर्षांत मासा पोटोमॅक नदीत हजर. आज तिथले बासवाले त्याच नदीत, त्याच रबरी बेडकाने मरळ पकडतात. म्हणजे बेडूक त्यांचा, घराणं आपलं, आणि गाठ पडली वॉशिंग्टनच्या वेशीवर.

बेडकाची रचना बघण्यासारखी आहे. अंग मऊ आणि पोकळ. पोटाखालून जोडगळ आत शिरतो आणि त्याची दोन्ही टोकं वर वळून बेडकाच्या पाठीला चिकटून बसतात. त्यामुळे तो पानांवरून, देठांवरून, फुलांवरून घसरत जातो आणि कशातच अडकत नाही. माशाने चावा घेतला की मऊ अंग दबतं आणि टोकं उघडी पडतात. साधा गळ याच जलपर्णीत टाकला तर मासा सोडून सगळं हाती लागतं: दोन किलो मुळं, एक चप्पल, गेल्या वर्षीच्या विसर्जनातली माळ.

दुकानात रबरी बेडूक घेताना गळवाला त्याची पाठ निरखतो. हिरव्यावर पिवळे ठिपके, पाठीवर सोनेरी रेघ, डोळे तर अगदी बोलके. घरी बायकोला दाखवतो, ती किंमत विचारते, मग तो विषय बदलतो. वास्तविक मासा खालून बघतो. त्याला दिसतं ते पोट, आणि पाठीवरची सगळी कलाकुसर फक्त आकाशातल्या घारींसाठी उरते. पोट पांढरं असावं की काळं एवढाच काय तो खरा प्रश्न. पोकळ अंगात हळूहळू पाणी शिरतं, म्हणून अधूनमधून बेडूक हातात घेऊन त्याचं पोट दाबावं लागतं. त्याच्या बुडातून बारीक चिळकांडी उडते. हे करताना काठावर कुणी पाहुणे आले असतील तर खुलासा द्यायला वेळ लागतो.

दोरी मात्र साध्या नायलॉनची चालत नाही. नायलॉन ताणलं जातं, आणि मरळाला तेवढी सवलत पुरते. विणलेली ब्रेडेड लाइन लागते, पन्नास पौंडांची तरी. ती देठं कापत येते. काठीही ताठ हवी. लवचीक काठीचं सौंदर्य नदीवर.

टाकायची पद्धत अशी. जिथे मासा असेल असं वाटतं तिथे बेडूक टाकायचा नाही, त्याच्या पुढे टाकायचा. धप्पकन डोक्यावर पडलेल्या बेडकाला मरळ भितो, पण पानावरून टुणटुणत येणाऱ्या बेडकाकडे बघत राहतो. हिरवळीत मधे मधे ताटाएवढी मोकळी पाण्याची भोकं असतात, तिथे आणून थांबवायचा. नुसता थांबवायचा. दोरी सैल ठेवून मनगटाने बारीक झटका दिला की बेडूक जागच्या जागी मान डुलवतो. एवढ्यात खालून हिरवं छत फाटतं, दारात लवंगी फुटावी तसा आवाज होतो आणि बेडूक नाहीसा होतो.

इथेच विरारचा गळवाला हरतो. त्याचं सगळं आयुष्य विरार फास्टमध्ये गेलेलं असतं. गाडी थांबायच्या आत झेप घ्यायची, विचार नंतर करायचा, ही सवय हाडांत मुरलेली. आवाज झाला की तो काठी खेचतो. मरळाच्या तोंडातला बेडूक सुटतो, हवेतून सणसणत येतो आणि मागे उभ्या असलेल्याच्या कानाजवळून जातो. करायचं असतं ते नेमकं उलट. आवाज झाल्यावर क्षणभर काही करायचं नाही. दोरीला वजन लागलं, ती एका बाजूला चालायला लागली, की मग ताकदीने उचलायचं, आणि उचलल्यावर दया दाखवायची नाही. माशाचं तोंड वर ठेवून त्याला पानांवरून ओढत आणायचं. खाली मान घालू दिली तर तो मुळांत शिरतो, आणि मग काठावरून दोघांनी ओढायचं म्हटलं तरी हलत नाही. खेचायची घाई झालीच असेल, तर बेडूक तिथेच परत टाकावा. चिडलेला मरळ बरेचदा दुसऱ्यांदा येतो. हा गुण लोकलच्या गर्दीत सापडत नाही.

काठावर या सगळ्याला एक मावशी हमखास साक्षीदार असते. भाजीची टोपली खाली ठेवून ती विचारते, “खोटा बेडूक? नि त्याला तो खरा वाटतो?”

“हो मावशी.”

“नि धरल्यावर काय करतोस?”

“परत सोडतो.”

मावशी टोपली उचलते. जाताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघवत नाही. तिने मृगाच्या पहिल्या पावसात वलगणीचे मासे बघितलेले असतात. ओढ्याचं पाणी शेतात चढतं, अंडी घालायला मासे त्याच्याबरोबर वर येतात, आणि माणसं बत्ती, टोपली आणि लुगड्याचा पदर एवढ्या साहित्यावर घरचं कालवण उरकतात. तिच्या हिशोबात सात फुटी काठीला काही अर्थ नाही.

पूर्वी मरळाला खरा बेडूकच लावत. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. शेतातले किडे खाणारे बेडूक परदेशी ताटांत जात होते आणि इकडे कीटकनाशकांचा खर्च वाढत होता. आता रबरी बेडूक आल्यावर खऱ्या बेडकाला आणखी एका अपमृत्यूतून सुटका मिळाली आहे. त्यामुळे गळवाल्याला आपण अहिंसेच्या दिशेने एक पाऊल टाकलं असं वाटतं. प्रस्तुत लेखकाच्या मते यात माशाचं मत विचारलं गेलेलं नाही.

आणि अहिंसेचा विषय सोपाऱ्याच्या भूमीवर काढताना जपूनच बोलावं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तोही भातेला तलावाजवळ. त्या लेखात राजा सांगतो, की आधीचे राजे मृगयेसाठी, मौजेसाठी सहली काढत; आपण ते सोडलं आणि धर्मयात्रा सुरू केल्या. नालासोपाऱ्याच्या तळ्याकाठी दगडात कोरलेली ही सूचना गळवाल्यांनी अजून वाचलेली नाही. त्यांच्या बाजूनेही एक राजा आहे म्हणा. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या, चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद हे प्रकरणच घातलं. काठी कशी असावी, दोरी कशाची, कुठल्या माशाला काय आमिष, सगळं राजेशाही तपशिलात. जलपर्णी तेव्हा आली नव्हती, त्यामुळे त्यावर राजाचं मार्गदर्शन नाही.

जलपर्णी काढायलाच हवी, याबद्दल वाद नाही. ती राहिली तर बावखल मरतं, आणि बावखलाबरोबर मरळही. चाहत्यांनी हे मनात कुरकुरत का होईना, मान्य करावं, आणि पुढच्या श्रमदानाला काठी घरी ठेवून विळा घेऊन यावं. कमळं आणि काठची लव्हाळी राहू दिली तरी बेडकाला नाचायला जागा पुरते.

आणखी थोडंसं. बावखल कुणाच्या तरी वाडीतलं असतं, तेव्हा काठी सोडण्याआधी घरातल्या काकांना विचारावं. नाही म्हणाले तर पुढच्या गावी जावं. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा गोळा उकळल्यासारखा हलताना दिसला, तर त्यावर बेडूक टाकू नये. खाली आईबाप राखणीला असतात आणि ते भुकेने नाही, रागाने चावतात. त्या वेळी त्यांना पकडणं अगदी सोपं असतं, म्हणूनच पकडू नये. राखण उठली की बाकीचे मासे पिल्लांचा थोडक्यात निकाल लावतात. आणि तुटलेली ब्रेडेड लाइन काठावर न टाकता खिशात घालून घरी न्यावी. ती वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि पाणकोंबड्यांचे पाय तिच्यात अडकतात.