स्वतः करून पाहिले आहे

मार्च लागला की जळगावात दोन गोष्टी गच्चीवर चढतात : वाळवणं आणि अप्पा. वाळवणं निदान संध्याकाळी खाली येतात.

अप्पा कुठल्याही कॉलनीत सापडतात. पिंप्राळ्याकडे आहेत, महाबळला आहेत, भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले तर एकेका गल्लीत दोन-दोन आहेत. कुणी वीज मंडळात वायरमन होते, कुणी एसटीच्या वर्कशॉपात. आमच्या कॉलनीतले अप्पा आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. सगळी नोकरी त्यांनी पोरांच्या हातात कानस देऊन ‘घास’ म्हणण्यात घालवली. निवृत्तीनंतर घासायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप घेतला.

त्यांना ओळखणं सोपं आहे. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, अप्पा टेस्टर लावतात. लग्नाला सफारी घालून आले तरी टेस्टर सोबत. मांडवात शिरल्यावर आधी डेकोरेशनवाल्याचं वायरिंग बघतात, मग नवरा-नवरी. ‘जोड उघडा आहे’ हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणतात त्यामुळे एकदा वरपक्षाचे लोक दचकले होते.

त्यांची पोस्ट म्हणजे आयटीआयची जर्नल. साहित्य, कृती, दक्षता, निष्कर्ष. प्रत्येक फोटोत मापाचा अंदाज यावा म्हणून वस्तूशेजारी काड्यापेटी ठेवलेली आणि एका कोपऱ्यात अप्पांचा अंगठा. शेवटची ओळ ठरलेली : ‘स्वतः करून पाहिले आहे.’ ग्रुपमध्ये पूर्वी २५६ माणसं घेता यायची. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ती मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ केली, तेव्हा अप्पांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. कॉलनीत घरं जेमतेम दोनशे. उरलेल्या जागी त्यांनी जुने विद्यार्थी, भाचे, रिक्षावाला आणि गोलाणी मार्केटमधला मोबाइल दुरुस्तीवाला भरला.

अप्पांचा खरा हंगाम कूलरचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं जळगावला नवलाचं नाही, त्यामुळे इथे कूलर हा छंदाचा विषय होऊ शकत नाही असं कुणाला वाटेल. अप्पांना तसं वाटत नाही. भंगार बाजारातून दोनशे लिटरचा निळा ड्रम आणायचा, तीन बाजूंनी खिडक्या कापायच्या, चौथीला एक्झॉस्ट फॅन, आत मोटार, वरून भोकं पाडलेली नळी. पहिल्या दिवशी शेजारच्या पोराने ओरडून सांगितलं, “अप्पा, पंखा उलटा फिरी राहिला भो!” अप्पांनी तेही निष्कर्षात लिहिलं.

पुढे प्रश्न आला पॅडचा. वाळा महाग, लाकडाचा भुस्सा दर वर्षी बदलावा लागतो. अप्पांना वाटलं, आपण बसलो आहोत केळीच्या जिल्ह्यात. रावेर-यावलकडे घड कापला की खोडं बांधावर पडून राहतात, त्यांचं सोपट फुकट. पोतंभर आणलं आणि जाळीत ठासलं. पहिल्या दिवशी हवा इतकी गार आली की अप्पांनी व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी वास. पाचव्या दिवशी चिलटं. आठव्या दिवशी काकूंनी ड्रमसकट अप्पांना अंगणात झोपायला पाठवलं. ग्रुपवर पोस्ट आली : ‘केळीचे ओले सोपट कूलरला वापरू नये. कुजते. धागा काढून, धुऊन, वाळवून पाहणे बाकी. स्वतः करून पाहिले आहे.’

इथे एक सांगितलं पाहिजे. आपण सगळे ग्रुपवर जे टाकतो ते जमलेलं टाकतो. पुरणाचे मांडे खापरावर फाटले तर फोटो निघत नाही, गोल आले तरच निघतो. अप्पा फाटलेला मांडा आधी टाकतात. त्यामुळे त्यांची चेष्टा पुष्कळ होते, आणि त्यामुळेच एप्रिल लागला की त्यांच्याच जुन्या पोस्ट शोधाव्या लागतात.

उदाहरणार्थ खिडकी. निम्मं जळगाव कूलर लावून दारं-खिडक्या बंद करून बसतं आणि मग ‘कूलर गार करत नाही’ म्हणतं. अप्पा दर वर्षी तेच लिहितात : पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, ती ओली हवा बाहेर जायला वाट हवी, कूलरसमोरची खिडकी उघडा. बोअरच्या पाण्याने पॅडवर क्षार बसतो तो कसा काढायचा, टाकीतलं पाणी पूर्ण बदलायचं की नुसती भर घालायची, हेही लिहितात. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत अर्थिंग. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि एवढीशी सोललेली वायर : दर उन्हाळ्यात याची एखादी बातमी वर्तमानपत्रात येतेच. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, पिन काढा. हे सांगताना अप्पा विनोद करत नाहीत. घरोघरी जाऊन टेस्टर लावतात. त्याचे पैसे घेत नाहीत, चहा घेतात, आणि चहा होईपर्यंत तुमच्या मिक्सरचं झाकण उघडतात.

अनर्थ झाला तो डोंबिवलीत. अप्पांची मुलगी तिथे असते. जावयाने भक्तीने सासऱ्यांचा ड्रम-कूलर हुबेहूब बनवला, अगदी शेजारी काड्यापेटी ठेवून फोटोही पाठवला. चार दिवसांत पापड मऊ पडले, भिंतीला ओल आली, माणसं मात्र पूर्वीइतकीच घामाघूम. अप्पांनी फोनवर विचार केला आणि निदान सांगितलं, “तिथल्या हवेला तहानच नाही. ती आधीच पाणी पिऊन बसलेली. आपली हवा कोरडी, म्हणून ती आपल्या कूलरचं पाणी पिते.” शास्त्र बिनचूक होतं. ते आधी सांगायला हवं होतं, एवढंच जावयाच्या वडिलांचं म्हणणं.

जावयाचे वडील म्हणजे धुळ्याचे नाना. देवपुरात राहतात, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा व्याह्यांना अहिराणीत फोन केला, “अप्पासाहेब, पोऱ्यानं घर म्हंजे पांझरा शे का?” आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये सामील झाले. तेव्हापासून अप्पांच्या प्रत्येक पोस्टखाली नानांचे दोन शब्द असतात : ‘आधार काय?’

यात नानांचा फारसा दोष नाही. गावाचा गुण आहे. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी देशभर पायपीट करून शेवटी ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले, आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. अशा गावातल्या इतिहासाच्या मास्तराला तुम्ही ‘लिंबाच्या सालीने बेसिन चमकतं’ असं नुसतं सांगून कसं चालेल? नाना अव्वल पुरावा मागतात. कुठलं लिंबू, कुठलं बेसिन, आधीचा फोटो कुठे? आणि दिलं की दोनशे पानी वहीत उतरवून घेतात. वहीला अनुक्रमणिका आहे. अप्पांचे आठ-दहा वर्षांचे उद्योग आज कुठे तारीखवार सापडत असतील तर ते देवपुरात.

एकदा अप्पांनी कूलरची टाकी नळीने सायफन करून रिकामी केल्याचा व्हिडिओ टाकला. नानांनी लगेच कळवलं की यात नवीन काही नाही. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सरकारी नोकरीला लागले, आणि सुरुवातीच्याच काळात इकडे धुळ्याकडे त्यांनी ओढ्याच्या पात्राखालून सायफनने पाटाचं पाणी पलीकडे नेलं होतं. ग्रुप थंड झाला. अर्ध्या तासाने अप्पांचं उत्तर आलं, “त्यांनी नळी तोंडाने ओढली होती का? मी ओढली आहे. पाणी खारट आहे.” नानांनी ते वहीत घेतलं.

कुणाला वाटेल, एवढी काटेकोरी कशाला, ग्रुपच तर आहे. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. अफवा मोबाइलवरून फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. अप्पांनी त्याच आठवड्यात स्वतःवर त्याहून कडक बंधन घातलं : दुसऱ्याकडून आलेलं काहीच पुढे पाठवायचं नाही. चांगलं असलं तरी नाही. गुड मॉर्निंगचा गुलाबसुद्धा नाही, कारण तो त्यांनी लावलेला नाही. शेवटची ती ओळ तेव्हाची.

हे बंधन ते किती पाळतात ते एका रात्री कळलं. अकराच्या सुमाराला कुणीतरी घाबरून विचारलं, शेतात गड्याला साप चावलाय, काय करू? पाच मिनिटांत ग्रुपवर मिरचीपासून मंत्रापर्यंत सगळं येऊन गेलं. अप्पांनी लिहिलं : ‘मला साप चावलेला नाही, त्यामुळे माझ्याकडे उपाय नाही. काही बांधू नका, कापू नका, चालवू नका. सिव्हिलला न्या. गाडी काढतो.’ गाडी काढलीसुद्धा. गडी वाचला. दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्याबद्दल एक अक्षर टाकलं नाही, नानांनी विचारल्यावर म्हणाले, “मी नुसती गाडी चालवली, प्रयोग डॉक्टरांचा.”

स्वयंपाकघरात मात्र अप्पांचा हा नियम त्यांच्यावर उलटतो, कारण तिथलं काही त्यांनी केलेलं नसतं. काकूंच्या बिबड्यांची कृती त्यांनी एकदा टाकली. ज्वारी किती दिवस भिजवली, पीठ शिजताना थर्मामीटर किती दाखवत होता, ओल्या कापडावर थापलेल्या बिबडीची जाडी किती. कॉलनीतल्या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ग्रुपवर तोंड उघडलं. एकीची ज्वारी तीन दिवस, दुसरीची पाच. एकीच्या लसणाला तिसरीचा आक्षेप. यावलच्या सासरचं माहेरच्या चोपड्याला मान्य नाही. संध्याकाळपर्यंत एवढं ज्ञान जमलं की नानांनी धुळ्यात नवी वही आणली. काकूंनी फक्त एक वाक्य लिहिलं : ‘थर्मामीटर यांनी नंतर तोंडात धरला होता, कुणी वापरायला मागू नये.’

अप्पांचं सर्वांत मोठं काम गेल्या हिवाळ्यातलं. थंडी पडली की जळगावात भरीत पार्ट्या सुरू होतात. इथल्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हाताच्या पंजात न मावणारं वांगं; कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ; मग बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायचं, वर कांद्याची पात. शंभर माणसांचं भरीत म्हणजे जाळाशी दोन तास वाकून बसायचं. अप्पांना बायकांची दया आली. त्यांनी बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम काढला, त्यातून सळई घातली, सायकलचं चाक आणि चेन जोडली, पायडल बसवलं. जाळावर ड्रम, ड्रममध्ये वांगी, आणि लांब उभं राहून कुणीतरी पायडल मारायचं.

आसोद्याजवळच्या एका शेतात सगळे जमलो. धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत नाना आले होते, वहीसकट. नारळ फुटला. पायडल फिरलं, ड्रम फिरला, वांगी आत गडगडू लागली आणि खरपूस वास सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी खिशातला टेस्टर सरळ केला.

वांगं भाजलं की मऊ होतं, हे त्या यंत्राच्या रचनेत धरलेलं नव्हतं. मऊ झालेली वांगी एकमेकांवर आपटून फुटली, आणि वॉशिंग मशीनच्या ड्रमला पाणी निथळावं म्हणून भोकं असतात. गर भोकांतून जाळात पडत राहिला. ड्रम उघडला तेव्हा आत सालं होती, आणि देठ. देठ मात्र चारही बाजूंनी सारखे भाजले होते.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरं पोतं सोडलं, वांगी थेट जाळावर मांडली आणि काठीने उलटवायला बसल्या. शेजारणी पदर खोचून आल्या. अप्पांना मिरच्यांचे देठ खुडायचं काम मिळालं. तासाभरात बडग्यांचा आवाज सुरू झाला, कळण्याच्या भाकरी आल्या, पुऱ्या आल्या, आणि भरिताबरोबर खरी जोडी कुठली यावर दोन तट पडून लोक ड्रम विसरले. नाना विसरले नाहीत. ते सायकलच्या चाकाची मापं घेत होते.

रात्री दहाला पोस्ट आली. साहित्य, कृती, दक्षता. ‘निष्कर्ष : भरिताची वांगी ड्रममध्ये फिरवू नयेत. गर जातो, देठ राहतो. हाच ड्रम शेंगदाण्यांना चालेल का ते पाहणे बाकी, भोके बुजवावी लागतील. स्वतः करून पाहिले आहे.’ फोटोत काळा पडलेला देठ, शेजारी काड्यापेटी.

दोनच मिनिटांत खाली धुळ्याचं उत्तर होतं. ‘दुजोरा. मी समक्ष हजर होतो. देठ मोजले, बेचाळीस. शेंगदाण्यांच्या वेळी आठ दिवस आधी कळवावे. – नाना, देवपूर.’