न झुकणारे अण्णा

अण्णांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला रायापुरात सहसा कुणी तयार होत नाही. अण्णा गाडी वाईट चालवतात असं नाही, पण ते वळणावर बोलतात. स्टेअरिंग फिरायला लागलं की विचारतात, "कळलं का काही?"

"नाही."

"कसं कळंल? झुकलीच नाही की गाडी!"

एखादी गोष्ट घडली नाही, याचं कौतुक वळणावळणाला करायचं म्हणजे पाहुण्याला फार जड जातं.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. घरात मराठी, फाटकावर कन्नड आणि गॅरेजात हुबळीची दखनी, असा त्यांचा कारभार. कंपनीनं विकलेली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी कच्चा मसुदा असते. मिक्सरच्या झाकणाला त्यांनी स्वतः कापलेलं रबर आहे. चष्म्याच्या काड्या त्यांनी गरम पाण्यात वाकवून घेतल्या आहेत. "कंपनी अख्ख्या देशासाठी बनवती री, माझ्यासाठी कुठं बनवती?" हा त्यांचा सिद्धांत. गाडी जुनी झाली, वॉरंटी संपली, आणि सिद्धांताला मोकळं रान मिळालं.

कुणी विचारो न विचारो, ते आधी स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा, समजावून सांगतात. त्यासाठी लाँड्रीतून आलेला तारेचा एक हँगर त्यांनी वाकवून ठेवला आहे. मधला भाग सरळ आणि दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली. मधला भाग ते स्वतःच्या चिमटीत सैलसर धरतात आणि टोकं तुमच्या हातात देतात.

"ही दोन चाकं. आता दोन्ही एकदम उचला." टोकं बिनतक्रार वर येतात, मधला भाग नुसता फिरतो. "हा हंप. दोन्ही चाकं एकदम चढली, बारला काही काम नाही. आता एकच उचला." एक टोक वर न्यावं तर तार पिळली जाते आणि दुसरं टोकही वर ओढलं जातं. "हे वळण! बाहेरचं चाक दबतंय, आतलं सुटतंय, बॉडी बाहेरच्या बाजूला कलतीय. बार म्हणतो, थांब, एकट्याला जाऊ देणार नाही." त्या क्षणी अण्णांचा चेहरा लग्न जमवून दिलेल्या मामासारखा होतो.

मग हिशेब. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून 22 मिलिमीटरच्या जागी 24 चा बार घातला, की नुसत्या दोन मिलिमीटरमध्ये ताठपणा जवळजवळ 42 टक्क्यांनी वाढतो. "दोन मिलिमीटरात बेचाळीस टक्के! अशी ठेव कुठल्या बँकेत आहे, सांगा." बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढे कोण अडवणार? एकदा वहिनींनी कायद्याचा धाक घालून पाहिला. तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अण्णांना तोंडपाठ. "नोंदणीत लिहिलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही म्हणतंय. आरसीत बारचा व्यास लिहिलाय काय?"

जाड बार पुढे बसला. गाडी झुकायची कमी झाली, पण गोकुळ रोडवरचा मिस्त्री एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "साब, अब नाक बाहर जाती." ते खरंच होतं. पुढचा बार ताठ केला की वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर भार आणखी वाढतो, पकड आधी तिथंच सुटते, आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ती खोड मुळातच असते. अण्णांनी ती वाढवली होती, आणि आता तिच्यावर उपाय म्हणून मागेही बार मागवला. मागचा ताठ झाला की नाक आत येतं, हे शास्त्राला धरूनच होतं. जास्त झाला तर पावसात शेपूट घसरते, हेही शास्त्रच. ते मिस्त्रीनं सांगितलं आणि अण्णांनी ऐकलं नाही. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध घ्यायचं, ही वहिनींच्या मते त्यांची जुनी सवय.

आता अडचण राहिली वळणांची. रायापूर हुबळी आणि धारवाडच्या मध्ये. बीआरटीएस या जलद बससेवेसाठी रुंद केलेला रस्ता इकडे उणकलच्या तळ्याकडे जातो, तिकडे सत्तूर-नवलूरवरून धारवाडला, आणि मधल्या लेनमधून तिची चिगरी बस सुसाट जाते. या रस्त्यावर न झुकण्याचा पराक्रम दाखवायचा कुठं? म्हणून अण्णा वळणं शोधत फिरतात. दहा मिनिटांच्या कामाला कॉलनीतल्या आठ कोपऱ्यांवरून जातात. अंकोल्याच्या लग्नाला हुबळीहून थेट रेल्वे नाही म्हणून त्यांना कोण आनंद झाला! कलघटगी, यल्लापूर आणि मग अरबैल घाट. डॅशबोर्डवर लाइन बाजारातल्या पेढ्यांचा उघडा बॉक्स. पेढा जागचा हलला नाही तर बार पास. घाटात पेढे खरंच हलले नाहीत. मागं बसलेल्या वहिनींच्या पोटातलंही फारसं हललं नाही, आणि एरवी त्यांना यल्लापूरच्या पुढं लिंबू लागतं. हा विजय खरा होता, तो कबूल केला पाहिजे.

पण अरबैल घाट वर्षातून एखाद्या वेळी, आणि खड्डे रोज. हँगरनं जे वळणावर केलं तेच बार खड्ड्यातही करतो, हे प्रात्यक्षिकात कुणी विचारत नाही. डावं चाक एकटंच खड्ड्यात गेलं की बार उजव्यालाही त्यात सामील करून घेतो. त्यात आपल्याकडे उंच हंपवर गाडीचं पोट घासू नये म्हणून गाडी तिरकी घालायची पद्धत. म्हणजे एकेक चाक पाळीपाळीनं चढणार, बार दर वेळी पिळला जाणार, आणि आतल्या माणसांच्या माना डावी-उजवी, डावी-उजवी. घाटात न हललेले पेढे नवनगरच्या एका हंपवर उडाले. डॅशबोर्डवर, गिअरच्या खोबणीत, अण्णांच्या काळ्या पँटवर, सगळीकडे पिठीसाखर. अण्णा पँट झटकत म्हणाले, "हा बारचा दोष नाही. हंपचा आहे."

मिस्त्रीनं एकदा मला बाजूला घेतलं. बार ज्यात धरलेला असतो ते जुने बुश त्यानं काढून एका डब्यात ठेवले होते. रबर भेगाळलेलं, बारची जागा एका बाजूनं झिजून लांबट झालेली. लिंक रॉडचा गोळा बोटानं हलवला तरी खटखट वाजत होता. "ये देखो. बुशां गल गये थे. नवे डाल्या, गाडी सीधी हो गयी. डंडा पुराना रख्या तो बी चलता." आणि टायरकडे बोट दाखवून म्हणाला, "ये टकले हो गये, इसको नक्को देखते." मी विचारलं, मग अण्णांना का सांगत नाहीस? तो हसला. "बुश का बिल छोटा रहता साब. छोटे बिल की बात कौन सुनता?"

अण्णांना मी तरीही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, नवे टायर घातले, हवेचा दाब दर रविवारी स्वतः तपासायला लागले, गाडी आणखी सुधारली, आणि त्याचंही श्रेय बारला दिलं. "आता टायरला बारची साथ मिळतीय बघा."

2025 च्या जानेवारीत कर्नाटक मंत्रिमंडळानं धारवाडला वेगळी महापालिका द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या चहाच्या अड्ड्यावर दोन तट पडले. 1962 पासून दोन्ही शहरं एकाच महापालिकेत; सगळा पैसा हुबळीत जातो, ही धारवाडकरांची जुनी तक्रार. अण्णा उठले ते थेट हँगर घेऊन आले.

"महापालिका म्हणजे बार. हुबळी एक चाक, धारवाड एक चाक. बार काढला की दोघं मोकळी. खड्डा हुबळीचा तर दणका हुबळीला. सुख आहे. पण वळण आलं म्हणजे कोण कुणाला धरणार?"

कुणीतरी विचारलं, "आणि रायापूर? आपण कुठल्या चाकात?"

अण्णांनी हँगरचा चिमटीत धरलेला भाग दाखवला. "आपण बुश. पीळ दोन्हीकडचा सोसायचा, करकरायचं, झिजायचं आणि बिलात शेवटच्या ओळीत यायचं."

त्यांच्या तोंडून बुशाचं महत्त्व मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मिस्त्रीचं म्हणणं अखेर पोचलं म्हणायचं, एवढ्यात अण्णा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पॉलियुरेथेनचे येतात. रबरापेक्षा कडक. मागवू या काय?"