इसारदार

बुलडाणा जिल्ह्यात जमीन कसणारे असतात, जमीन विकून देणारे असतात आणि या दोघांच्या मधे, घडीवर विरलेली इसारचिठ्ठी खिशात घेऊन हिंडणारा एक तिसरा असतो. त्याला इसारदार म्हणू. पेशाने बहुधा मास्तर, ग्रामसेवक, नाहीतर कृषी केंद्राचा मालक. मेहकरच्या टपरीवर चहा पिता पिता ज्या मुरमाड माळाकडे तो 'आपलं वावर' म्हणून हात करतो, त्याच्या सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच असतं. लोक त्याला हावरा म्हणतात. मला ते पटत नाही. हा माणूस गिऱ्हाईक नाहीच, ही एक बँक आहे. फक्त तिच्याकडे ठेवी नाहीत आणि व्याज कोणाकडून घ्यायचं ते तिला अजून सुचलेलं नाही.

पुरावा त्याच्या भांडवलातच सापडतो. सौदा ठरला की थोडा इसार आज, बाकीचे अकरा महिन्यांत. आजचे कुठून आणायचे? काही बायकोच्या पोहेहारावर, काही भिशीतून, काही मेहुण्याकडून 'दिवाळीपर्यंत' म्हणून. नोकरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल तर भविष्य निर्वाह निधी मदतीला येतो. नंतरची असेल तर मेहुणे दोन लागतात. बुलडाणा अर्बनसारखी मोठी पतसंस्था याच जिल्ह्यातली. इथे सोनं तारण ठेवता येतं, गोदामातलं सोयाबीनही ठेवता येतं. चिठ्ठीवरचा माळ तेवढा कोणी ठेवून घेत नाही. (इसाराचे वीस हजार किंवा त्याहून जास्त रुपये रोखीने घेऊ नयेत, असा आयकराचा नियम २०१५ पासून आहे. तेव्हापासून चिठ्ठीवरचा आकडा जरा लाजरा झाला आहे.) आता, हे पैसे जातात कोणाकडे? मृगाच्या तोंडावर पीककर्ज अडलेल्या जमीनमालकाकडे. त्याचं बियाणं येतं, खत येतं, वावर त्याच्याच ताब्यात राहतं आणि तूरही त्याचीच. बिनव्याजी कर्ज देऊन तारणही कर्जदाराकडेच ठेवणारी दुसरी बँक कोणी दाखवावी.

यावर शहाणे विचारतात, मग हा खऱ्या बँकेतच का जात नाही? जातो की. प्लॉटला कर्ज हवं तर ठरल्या मुदतीत तिथे घर बांधीन असं लिहून द्या, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे; आणि जमीन अकृषक झालेली नसेल तर गृहकर्जाचा विषयच संपतो. इसारदाराला घर बांधायचं नसतं, सौदा पलटी मारायचा असतो. शिवाय विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, म्हणून आजोबांच्या हिश्श्याचा उतारा शोधण्यात त्याचा एक उन्हाळा जातो. तुकडे पाडून विकावं, तर जिरायतीला वीस गुंठ्यांची मर्यादा आडवी येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समृद्धी महामार्गाने इथलीच माणसं वर आली, हे खोटं का? खोटं नाही. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून गेला आणि थेट खरेदीत पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. पण मिळाला तो सातबारावाल्यांना. नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत कसलाच हक्क निर्माण होत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने इसारदाराच्या पणजोबांच्या काळातच सांगून ठेवलं आहे. इसारदार मात्र कायद्याकडे पाहत नाही, शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरकडे पाहतो. समृद्धी हुकली, आता खामगाव-जालना रेल्वे. या गाडीची बोलणी इंग्रजांच्या अमदानीपासून चालू आहेत. रूळ अजून पडले नाहीत, पण इसारदाराच्या वहीत स्टेशन केव्हाच बांधून झालं आहे आणि त्याचा माळ स्टेशनला लागूनच आहे.

अकरा महिने भरत आले की तो शेगावची कचोरी बांधून घेऊन मालकाच्या ओसरीवर हजर होतो. काका कचोरी खातात, तुरीच्या भावाची चौकशी होते, आणि चिठ्ठी उलटी करून पाठीवर 'मुदत वाढविली' असं लिहून काका सही ठोकतात. पाठ आधीच भरलेली असली, तर मागे एक कोरा कागद टाचला जातो. टाचणी इसारदाराचीच.