आडवं कोणी येईना

पुण्यात सायकल शिकलेल्या बाईच्या पायांपेक्षा तोंडात जास्त बळ असतं. ताई आणि मी सायकलवरून हुजूरपागा शाळेत जायचो, तेव्हा पुणं हे सायकलींचं शहर होतं. पुढे स्कूटरी आल्या, रिक्षा वाढल्या, आणि हँडलवरचा हात न काढता समोरच्याचा उद्धार करायची विद्या ताईने लक्ष्मी रोडवर कमावली. आज अडुसष्टाव्या वर्षीही अलका चौकात सिग्नल तोडून आडवा येणारा कितीही दांडगा असो, ती त्याला चार शब्दांत गार करते. पाचवा शब्द तिला कधी लागलेला नाही.

अशा ताईबरोबर मी हॉलंडला, हारलेम गावी तिच्या लेकीकडे गेले. भाचीने आल्या आल्या जाहीर केलं, "आई, मावशी, आपण समुद्रावर सायकलने जायचं. सगळा रस्ता वाळूच्या टेकड्यांमधून, राखीव जंगलातून. एकही गाडी नाही."

"एकही?" ताईने विचारलं.

"एकही."

ताईचा चेहरा उतरला. मला वाटलं, गुडघ्यांचा विचार करत असेल.

सायकली शेजाऱ्यांकडून आणल्या होत्या. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त, त्यामुळे उसन्या मिळायला अडचण नाही. अडचण आहे ती उंचीची. इथला साधारण पुरुष सहा फुटांना टेकलेला असतो आणि बायका त्याला शोभतील अशा असतात. सीट अगदी तळाला बसवूनही माझ्या पायाचं बोटच जमिनीला लागत होतं, तेही जमिनीने थोडी मदत केली तर. त्यात हँडलला ब्रेक नाही. पेडल उलटं मारलं की सायकल थांबते! आता उतार लागला की पेडल उलटं फिरवत करकर आवाज काढत जाणं हा आम्हा पुणेकरांचा बालपणापासूनचा छंद. ताईने पहिल्याच उताराला छंद जोपासला आणि सायकल जागच्या जागी थांबली. ताईही थांबली, पण जरा पुढे जाऊन, गवतात. उठून तिने सवयीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ज्याला बोलावं असं कोणीच नव्हतं. चार शब्द गिळून ती पुन्हा सायकलवर बसली.

वाट सापडायला नकाशा लागत नाही. फाट्याफाट्यावर हिरव्या-पांढऱ्या पाट्या, त्यांवर आकडे. एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जायचं, की झालं. ही युक्ती बेल्जियममधल्या लिम्बर्गच्या ह्यूगो बोलन नावाच्या खाण-अभियंत्याची. खाणीतल्या फाट्यांना आकडे देतात, तर वरच्या फाट्यांनी काय पाप केलंय, असा त्याचा सरळ हिशेब. 1995 मध्ये तिथे असं पहिलं जाळं तयार झालं आणि डच लोकांनी ते आनंदाने उचललं. भाचीने आकड्यांची चिठ्ठी आमच्या हातात दिली. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. मटक्याच्या अड्ड्यावर चालल्यासारख्या आम्ही तिघी निघालो. चिठ्ठी ताईने पर्समध्ये खोल लपवली, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर उतरून पर्स उपसावी लागली.

झाउड-केनेमरलंड हे राष्ट्रीय उद्यान हारलेमला खेटूनच आहे. सुमारे 3,800 हेक्टर वाळूच्या टेकड्या, त्यांवर काटेरी झुडपं, झुडपांना नारिंगी फळांचे घोस. मधून सायकलपुरती वाट. कोकणात समुद्राआधी सुरूचं बन लागतं आणि बनाआधी वडापावची गाडी. इथे वडापावची गाडीही नाही. ताई मैलभर गप्प होती. तिला गप्प पाहायची सवय नसल्यामुळे मी विचारलं, "काय गं, दमलीस?"

"दमायला काय झालंय? कोणी आडवंच येत नाही."

आडवं येत नाहीत, पण मागून येतात. ऐंशीच्या घरातल्या आजीबाई बॅटरीच्या सायकलीवरून, पाठीचा कणा ताठ ठेवून, एकदा हळूच घंटी वाजवून, हसून, सुप्रभात म्हणून पुढे निघून जातात. एक गेली, दुसरी गेली. तिसरीच्या कॅरिअरवर कुंडी होती, कुंडीत भलं मोठं झाड. "हसायचं काय त्यात?" ताई पुटपुटली. "धक्का तरी मारायचा होता."

या टेकड्यांमध्येच एक दफनभूमी आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ठार केलेल्यांची. हॅनी शाफ्ट तिथेच आहे. हारलेमची मुलगी, कायद्याची विद्यार्थिनी. भूमिगत लढ्यातली तिची कितीतरी कामं सायकलवरून चालायची. 17 एप्रिल 1945 ला तिला याच टेकड्यांत गोळ्या घातल्या, वय चोवीस. देश मुक्त व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते. ताई तिथे बराच वेळ उभी राहिली. मग भाचीने सांगितलं, की जर्मनांनी त्या काळात डच लोकांच्या सायकलीही जप्त करून नेल्या होत्या, आणि पुढे कित्येक वर्षं जर्मनीशी फुटबॉलचा सामना असला की डच प्रेक्षक आजोबांची सायकल परत मागायचे. "अगदी योग्य," ताई म्हणाली. हॉलंडबद्दल तिने काढलेला तो पहिला चांगला उद्गार.

पुढची वाट कोळ्यांची. समुद्रावरचं झांडवूर्ट हे एके काळी मासेमारीचं गाव. तिथल्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन याच वाटेने हारलेमच्या बाजारात चालत यायच्या. त्या काळी ही वाट शांत असेल, यावर माझा विश्वास नाही. मासळी विकणारी बाई, मग ती कुठल्याही समुद्राची असो.

वाटेच्या कडेला कुंपण, कुंपणाआड युरोपातले रानगवे. हे जनावर रानातून पार नाहीसं झालं होतं. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या गव्यांपासून पुन्हा वाढवलं. 2007 साली पोलंडमधून काही गवे इथे आणून सोडले, म्हणजे ते झुडपं खातील, सालं सोलतील आणि वाळू मोकळी ठेवतील. थोडक्यात, नेमणूक झालेले गवे. त्यांच्यापासून पन्नास मीटर लांब राहा, अशी पाटी आहे, आणि लोक खरोखर लांब राहतात. एक गृहस्थ पावलं मोजत मागे सरकताना मी डोळ्यांनी पाहिला. गवा रवंथ करत त्याच्याकडे बघत होता.

आणि अचानक ताई ताठ झाली. "ऐकलंस?" टेकडीपलीकडून घुर्रर्र असा आवाज. मोटारी! तिच्या डोळ्यांत चमक आली, पेडलला जोर आला. भाचीने खुलासा केला, "आई, ते रेसचं मैदान आहे. फॉर्म्युला वनवाल्यांचं." एकीकडे गवे, दुसरीकडे शर्यतीचा ट्रॅक, मधून आम्ही. सगळ्या मोटारी एका गोलात कोंडून ठेवल्यात आणि त्या तिथेच फिरताहेत; बाहेर एक यायची नाही. 2021 मध्ये ही शर्यत इथे परत आली, तेव्हा प्रेक्षकांना आपली मोटार गावात आणायची मनाई होती. हजारो लोक मोटारींची शर्यत बघायला सायकलने आले. ताईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या लोकांना कोणीतरी बरं करायला हवं."

समुद्र जवळ आला तसा वारा समोरून सुरू झाला. इथे मोठे चढ नाहीत म्हणतात, ते खरं. चढाचं काम वाऱ्याकडे दिलंय. शेवटी एक तरी विरोधक भेटला म्हणून ताईने त्याला मोकळेपणाने सुनावलं. पण वारा म्हणजे उलट उत्तर न देणारा माणूस, त्याच्याशी किती वेळ भांडणार? डच लोकांनी 2013 मध्ये समोरच्या वाऱ्यातल्या सायकलिंगची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आहे. समुद्राच्या बांधावरून साडेआठ किलोमीटर, गिअर नसलेल्या साध्या सायकली, आणि वादळाचा अंदाज आला तरच स्पर्धा. हवा चांगली असली तर पुढे ढकलतात!

समुद्राबद्दल काय सांगू? समुद्र होता. राखाडी आणि गार. बटाट्याचे तळलेले काप छान होते.

परतीला वारा पाठीशी. ताई सुसाट. "बघ, सवय झाली की जमतं," असं म्हणून तिने वाऱ्याचं सगळं श्रेय स्वतःच्या गुडघ्यांना दिलं. भाचीने वाटेत दुसऱ्या राखीव टेकड्यांच्या एका फाटकाशी थांबवलं. अ‍ॅमस्टरडॅम शहर 1853 पासून या टेकड्यांचं पाणी पितंय. आता नदीचं पाणी आणून या वाळूत मुरवतात आणि गाळून पुन्हा काढतात. आत हरणं कळपांनी फिरतात. तिकिटं काढली आणि सायकली आत वळवल्या, तर फाटकाजवळचे एक पांढऱ्या मिशांचे स्वयंसेवक पुढे आले आणि चक्क आडवे उभे राहिले.

"वाहनांना आत बंदी आहे," ते म्हणाले.

ताईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "कोणतं वाहन?"

त्यांनी तिच्या सायकलकडे बोट दाखवलं.

"हे?" ताई म्हणाली. "हे वाहन?"

"हो."

"ढकलत नेली तर?"

त्यांनी मान हलवली. नाही.

एवढ्यात आतल्या वाटेच्या मधोमध एक हरीण येऊन उभं राहिलं. "आणि याला चालतं वाटतं मध्ये उभं राहिलेलं?"

"त्याला चाकं नाहीत, मॅडम."

डच माणूस तोंडावर स्पष्ट बोलतो असं ऐकलं होतं. आणि हे पेन्शनर होते, म्हणजे वेळही भरपूर. ताईने सायकल स्टँडवर लावली, ओढणी कमरेला खोचली आणि इंग्रजीतून सुरुवात केली. मिशीवाल्यांनी हाताची घडी घालून पाय रोवले. चार शब्द केव्हाच संपले. ताईला पाचवा लागला, सहावा लागला.

"आई, चल ना," भाचीने बाही ओढली. "अंधार पडेल."

"थांब गं," ताई म्हणाली. "आत्ता कुठे रस्त्यावर आल्यासारखं वाटतंय."