घरीच तर करता!

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. नशीबवान होत्या, लाटण्याचं रील करावं लागलं नाही.

आजची ताई क्रोशाचं तोरण विणते कमी, विणणारे हात चित्रित करते जास्त. गिऱ्हाईक एआयनं रंगवलेलं, कुठल्याही सुईला न जमणारं तोरण पाठवतं, ‘अगदी अस्संच हवं, परवा वास्तुशांत आहे.’ किंमत सांगितली की, ‘एवढी? घरीच तर करता!’

२०१६ साली आलेलं यूपीआय पैसे क्षणात पोचवतं. द्यायची इच्छा मात्र अजून पायीच येते. घरच्यांच्या लेखी तर ताई दिवसभर रिकामीच! कुरिअर शेजाऱ्यांचं असलं तरी दार तिनंच उघडायचं.