परतावा : व्याख्या, लक्षणे व प्राप्ती

प्राप्तिकराचा परतावा म्हणजे करदात्याने सरकारकडे जास्तीचे भरलेले पैसे त्यालाच परत मिळणे. गुंतवणुकीवर जी कमाई होते तिलाही मराठीत परतावाच म्हणतात, आणि या एका शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे. स्वतःचेच चार हजार रुपये वर्षभर फिरून घरी आले, तर त्यावर श्रीखंडाचा डबा आणणारी घरे आहेत. त्यात भर म्हणून परतावा मागायला जो कागद भरतात त्याचे नाव रिटर्न. रिटर्न हा भरायचा असतो; परत येतो तो रिफंड.

परतावा आहे की नाही हे शोधण्याची रीत वजाबाकीची आहे. भरलेल्या करातून देय कर वजा करावा. बाकी उरली तर ती परतावा, उलटी आली तर डिमांड. वजाबाकी पहिलीपासून शिकवतात. ज्या दोन आकड्यांची ती करायची, ते मात्र शाळेत कुणी शिकवत नाही.

उदाहरणादाखल एक निवृत्त मुख्याध्यापक घेऊ. वय ६८, आर्थिक वर्ष २०२४-२५, पेन्शन ३,६०,००० रुपये आणि मुदत ठेवींचे व्याज १,२०,०००. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत त्या वर्षी व्याज ५०,००० च्या वर गेले की बँक १० टक्के टीडीएस कापत असे, म्हणून बँकेने १२,००० रुपये कापले. नव्या कररचनेत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. उरलेल्या ४,०५,००० वर ५,२५० रुपये कर बसतो आणि कलम ८७अ ची सवलत तो पुसून टाकते. देय कर शून्य, भरलेला १२,०००; सगळे बारा हजार परत. एप्रिलमध्ये बँकेत १५एच हा अर्ज दिला असता तर एक रुपयाही कापला गेला नसता. पण १५एच दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, तो शक्यतो एप्रिलमध्येच द्यायचा असतो आणि त्याची आठवण पासबुकात टीडीएसची नोंद दिसल्यावरच होते.

नोकरदारांची गोष्ट वेगळी दिसली तरी वळण तेच. जुनी कररचना घेतलेल्यांकडे कार्यालय डिसेंबर-जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे मागते. विम्याची पावती कपाटात असते, कपाटाची किल्ली गावाला असते, आणि मार्चचा पगार हातात येतो तेव्हा त्यातला बराचसा प्राप्तिकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्राच्या दिशेने निघालेला असतो.

कापलेल्या कराचा हिशेब २६एएस या विवरणात सापडतो. त्याचा थोरला भाऊ म्हणजे वार्षिक माहिती विवरण, अर्थात एआयएस. त्यात बचत खात्याचे व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, असे सगळे नोंदलेले असते. सहकारी बँकेतली जी ठेव मुख्याध्यापकांनी घरी कुणाला सांगितलेली नाही, तिचे व्याजही तिथे पैशापर्यंत हजर असते. सरकारला इतके ठाऊक असताना करदात्याने पुन्हा विवरणपत्र का भरायचे, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. मास्तरांना पडत नाही. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असले तरी वहीत ते सोडवून दाखवावे लागते, आणि रीत नसेल तर गुण कापतात. एकच पथ्य : जानेवारी ते मार्चचा टीडीएस बँका मेअखेरपर्यंत कळवतात, म्हणून एप्रिलमध्ये उत्साहाने पाहिलेले २६एएस बहुधा अर्धवट असते.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. सोपा मार्ग आधारच्या ओटीपीचा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र मुलाचा असतो आणि मुलगा सिंगापूरला असतो. दुसरा मार्ग म्हणजे पोचपावतीवर सही करून ती टपालाने बेंगळुरूला धाडणे. पडताळणी झालीच नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते, आणि परताव्याची वाट पाहणे हा निव्वळ छंद उरतो.

मग यावयाची ती सूचना येते. १९६१ च्या कायद्यातल्या कलम १४३(१) खाली ती ई-मेलने पाठवतात. फाइलला कुलूप असते. किल्ली म्हणजे पॅन आणि त्याला चिकटून जन्मतारीख. पॅन कार्डावर अक्षरे मोठ्या लिपीत छापलेली असतात, इथे ती छोट्या लिपीत टाइप करायची. आत दोन रकाने असतात : करदात्याने काय म्हटले आणि खात्याने काय मोजले. दोन्ही आकडे जुळले तर परतावा मंजूर. पुष्कळांच्या नशिबी ‘नो डिमांड, नो रिफंड’ येते, आणि ते वाचून सुटलो म्हणणारे ‘भीक नको पण कुत्रे आवर’ या पंथाचे असतात.

मंजूर झाला म्हणजे मिळाला असे नव्हे. मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो, आणि ते खाते प्राप्तिकराच्या पोर्टलवर आधी पडताळलेले असावे लागते. या टप्प्यावर मराठी नावाची परीक्षा होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. बँकेत वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. पुरुषांचे निदान एवढ्यावर भागते. लग्नाआधी पॅन काढलेल्या बाईचे नाव पॅनवर माहेरचे आणि बँकेत सासरचे. बारशाचे नाव सोडले तर दोन्हींत समान असे काही उरत नाही. यंत्राच्या लेखी त्या दोन अनोळखी स्त्रिया. एकीचे पैसे दुसरीला देणे नियमात बसत नाही, म्हणून ‘रिफंड फेल्ड’ अशी नोंद होते आणि पुन्हा पाठवण्यासाठी नवी विनंती करावी लागते. नाव जुळले तरी बँक दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी बदललेला असू शकतो. पॅन आधारला जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय ठरते, परतावा अडतो आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

आणखी एक शक्यता जुन्या थकबाकीची. पूर्वीची एखादी डिमांड शिल्लक असेल तर कलम २४५ खाली, आधी कळवून, परतावा तिच्यात वळता करता येतो. खात्याची स्मरणशक्ती किती लांबवर जाते याचा दाखला खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणात दिला : वहीत पडून असलेल्या किरकोळ मागण्यांपैकी काही १९६२ पासूनच्या होत्या. त्यांतल्या २०१४-१५ पर्यंतच्या छोट्या रकमा सोडून देण्याचे त्याच भाषणात जाहीर झाले. तोवर काही ऋणकरी हिशेब स्वर्गात मिटवत असावेत.

या सगळ्या काळात ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे’ असे आपण होऊन, गोड शब्दांत आणि वेळेवर कळवणारा एकच वर्ग आहे : भामटे. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांचा असा एक संदेश देशभर फिरला. खाते क्रमांक चुकला आहे, या दुव्यावर दुरुस्त करा, असे त्यात म्हटले होते. प्राप्तिकर खाते संदेश पाठवून ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर विचारत नाही. परताव्याची खरी स्थिती पोर्टलवर लॉगिन करून, भरलेल्या विवरणपत्रांच्या यादीत पाहावी लागते, आणि तिथली भाषा इतकी कोरडी असते की ती खरी आहे याबद्दल शंका राहत नाही.

राहिले व्याज. करदात्याने कर उशिरा भरला तर महिन्याला १ टक्का; सरकारने पैसे उशिरा परत केले तर अर्धा टक्का. परतावा देय कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्याला टीडीएसच्या परताव्यावर हे व्याज १ एप्रिलपासून मिळते, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. मुख्याध्यापकांचे बारा हजार १० ऑक्टोबर २०२५ ला आले असे समजा : सात महिने, साडेतीन टक्के, म्हणजे ४२० रुपये. हा आकडा निव्वळ गणिताने येतो. त्यातून अन्य अर्थ काढू नये.

हे ४२० रुपये करपात्र उत्पन्न आहेत. पुढच्या वर्षीच्या एआयएसमध्ये ते स्वतंत्र ओळीत दिसतात. त्यांच्याच वर बँकेच्या नव्या टीडीएसची ओळ असते, कारण १५एच यंदाही राहिला.