वॉर्निंगवाले भाऊ

रायपूरच्या मराठी माणसांत, तात्यापाऱ्यात म्हणा की चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या आसपास म्हणा, एखादे वॉर्निंगवाले भाऊ हमखास सापडतात. संगणक सुरू झाला की लोक कामाला लागतात. भाऊ काळ्या पडद्यावर 'डी-मेसेज' टाइप करून लिनक्स कर्नेलचं म्हणणं पंचांगासारखं ओळीओळीने वाचतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला की प्रोसेसर तापल्यामुळे वेग कमी केल्याची ओळ तिथे झळकते. घरचे म्हणतात, "उकडतंय हे कळायला लिनक्स कशाला?" भाऊ ऐकून घेतात, मागचं झाकण काढतात आणि पंख्यातली धूळ ब्रशने झाडून वाळकी थर्मल पेस्ट खरवडू लागतात.

त्यांना किरकिरे म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते ही किरकिर साधार आहे. उदाहरणार्थ, कर्नेलमधला कोड विचारतो, मी कितव्या प्रोसेसरवर आहे? उत्तर येतं, तीन. पुढची ओळ चालण्याआधीच कामं वाटणारा शेड्यूलर त्याला उचलून पाचवर टाकतो, आणि हा बापडा तीनच्याच खात्यात हिशेब मांडत बसतो. तपासणीची सोय चालू असेल तर कर्नेल इथे बोंब मारतो. "पण चालतंय ना?" हा नेहमीचा आक्षेप. चालतं, बहुतेक वेळा चालतं. म्हणूनच एखाद्या दिवशी हिशेब चुकला तर चूक कुठली हे सापडत नाही. नवशिके प्रोसेसरचा क्रमांक विचारणाऱ्या फंक्शनच्या नावाआधी 'रॉ' जोडतात. बोंब थांबते, चूक जागच्या जागी. भाऊ आधी 'गेट-सीपीयू'ने कोडला जागेवर बांधतात, काम झालं की 'पुट-सीपीयू'ने सोडतात.

काही इशारे निरर्थक असतात, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. प्रोसेसरचा आकडा नुसता अंदाजासाठी हवा असेल तर 'रॉ'च योग्य, आणि हे भाऊंनाही मान्य आहे. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये कंपायलरचा प्रत्येक इशारा चूक मानायचा फतवा काढला. तक्रारी इतक्या आल्या की काही दिवसांतच तो मुख्यतः चाचणीच्या बिल्डपुरता ठेवावा लागला. भाऊंना हा इतिहास पाठ आहे, पण त्यातून बोध घेतल्याचं दिसत नाही. कर्नेलमध्ये 'वॉर्न-ऑन-वन्स' नावाची सोय आहे: एकदा सांगायचं, मग गप्प. कूलरमधलं पाणी संपत आलंय हे भाऊ दुपारभर सांगत असतात.